क्वार्टेटचा कार्यक्रम कसा आखावा: रचनेला शेजार निवडताना

आमच्या क्वार्टेटचा (दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो; या चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) पहिला जाहीर कार्यक्रम ठरला तेव्हा आम्ही चौघांनी आपापल्या आवडीच्या रचना एका कागदावर लिहिल्या, त्यातल्या वाजवता येतील अशा तीन उचलल्या आणि तालमीला बसलो. पुण्यातल्या एका शाळेचं सभागृह, शंभराच्या आतबाहेर श्रोते. सुरुवातीला शोस्ताकोविचचा आठवा क्वार्टेट, त्याला लागूनच ड्व्होर्जाकचा 'अमेरिकन', आणि मध्यंतरानंतर हायडनचा ओपस 33 (ओपस म्हणजे रचनेचा किंवा रचनांच्या संचाचा क्रमांक) मधला दुसरा. तिन्ही रचना चांगल्या बसल्या होत्या. तरीही त्या संध्याकाळी ड्व्होर्जाक उथळ वाटला, आणि हायडन वाजत असताना पहिल्या रांगेतले लोक घड्याळ बघत होते.

पुढच्या वर्षी त्याच तीन रचना आम्ही क्रम बदलून वाजवल्या. वादक तेच, वाद्यं तीच, श्रोतेही बरेचसे तेच, पण संध्याकाळ पूर्ण वेगळी झाली. कुठलीही रचना एकटी ऐकली जात नाही. तिच्या आधी काय वाजलं आणि नंतर किती वेळ शांतता मिळाली, यावर ती कानाला कशी लागणार हे ठरतं. याला मी रचनेचा शेजार म्हणते. नवीन क्वार्टेट, ट्रायो (तिघांचा गट) किंवा क्विंटेट (पाच जणांचा) सुरू करणाऱ्यांनी आमच्यासारखं एक वर्ष वाया घालवू नये, म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

1. रचनांची नावं काढण्याआधी चार गोष्टी लिहून काढा

श्रोते कोण आहेत? जागा कशी आहे? एकूण वेळ किती मिळणार? आणि कार्यक्रमापर्यंत चौघं एकत्र बसू शकाल अशा तालमी किती? ही उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत.

यातल्या जागेकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. जागा ठरवताना तिथे जा, दहा मिनिटं वाजवा आणि एकाला शेवटच्या रांगेत बसवा. जाड पडदे आणि गालिचे असलेल्या हॉलमध्ये सूर लगेच मरतो, तिथे संथ आणि लांब सुरांच्या रचना कोरड्या पडतात. उलट दगडी भिंतींच्या, उंच छताच्या चर्चमध्ये तोच संथ भाग सुंदर लागतो, पण जलद भागातले सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. आणि छताचे पंखे विसरू नका. वेबर्नच्या ओपस 9 मधल्या सहा बॅगाटेल (अगदी छोट्या रचना) मिळून जेमतेम चार मिनिटांच्या, आणि त्यात कितीतरी जागी आवाज श्वासाइतका बारीक. पंख्याच्या घरघरीत त्या वाजवण्यात अर्थ नाही.

तुमच्या गटात पियानो असेल तर आणखी एक सूचना. सभागृहात पियानो 'आहे' एवढ्यावर विश्वास ठेवून ट्रायो जाहीर करू नका. एका ठिकाणी आम्हाला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळलं की पियानो जवळजवळ अर्ध्या सुराने उतरलेला आहे. एवढा उतरलेला पियानो एका बैठकीत लावला तरी सूर टिकत नाहीत. पियानो स्वतः वाजवून बघा, ट्यूनर कोण आणि कधी येणार हे लेखी घ्या, मगच रचना ठरवा.

2. मुख्य रचना एकच निवडा

कार्यक्रमाचा कणा एकच असावा. त्यासाठी तालमीचा निम्म्याहून जास्त वेळ राखून ठेवायचा. नवीन क्वार्टेटला मी सुचवेन: मोत्सार्टचा के. 465 (के. हा मोत्सार्टच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), बीथोवनच्या ओपस 18 मधला चौथा, बोरोदिनचा दुसरा, ड्व्होर्जाकचा ओपस 96 (हाच 'अमेरिकन'), किंवा शोस्ताकोविचचा आठवा. यातली एकही सोपी नाही, पण मन लावून बसलेल्या हौशी वादकांच्या आवाक्यातल्या आहेत.

बीथोवनचा ओपस 131 पहिल्या वर्षी घेऊ नका. सात भाग, मध्ये कुठेही थांबणं नाही, सुमारे चाळीस मिनिटं. शुबर्टचा 'डेथ अँड द मेडन' सुद्धा तेवढाच लांब, आणि शेवटच्या प्रेस्टोपर्यंत (अतिजलद भागापर्यंत) पहिल्या व्हायोलिनच्या हातात काही शिल्लक राहत नाही. आवड आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यापैकी प्रत्येकाला मान्य करावं लागतं.

3. आता तिला शेजार द्या

इथे आमच्याच तीन रचना जवळून दाखवते.

शोस्ताकोविचने आठवा क्वार्टेट 1960 च्या जुलैमध्ये, ड्रेस्डेनजवळ राहत असताना, तीन दिवसांत लिहिला. त्यावर अर्पण आहे फॅसिझम आणि युद्धाच्या बळींना, आणि स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्याने चार सुरांत गुंफली आहेत: डी, ई फ्लॅट, सी, बी (जर्मनमध्ये या सुरांची नावं डी, एस, सी, एच). चेलो ते चार सूर एकटाच काढतो आणि एकेक वाद्य मागून येतं. पाच भाग एकमेकांना जोडलेले. शेवट मोठा होत नाही, विझत जातो.

आम्ही यानंतर लगेच 'अमेरिकन' घेतला होता. तो मोकळ्या उजेडातला क्वार्टेट आहे: 1893 च्या जूनमध्ये, आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल या गावी सुट्टीत असताना ड्व्होर्जाकने तो दोनेक आठवड्यांत पूर्ण केला. पण मयत झालेल्या घरातून बाहेर पडताच कुणी गाणं म्हणायला लागावं, तसं ते झालं. दोष ड्व्होर्जाकचा नव्हता, शेजाराचा होता.

दुसऱ्या वर्षी हायडन पहिला ठेवला. ओपस 33 मधला हा दुसरा क्वार्टेट 1781 चा, 'जोक' या नावाने ओळखला जातो. शेवटच्या भागात हायडन आपलीच सुरावट तोडून चार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यापुढे शांतता ठेवतो. संपलं म्हणून लोक टाळ्या वाजवायला हात उचलतात, तेवढ्यात पुढचा तुकडा येतो. मग आणखी लांब शांतता, आणि अगदी शेवटी पहिला तुकडा हळूच पुन्हा. आमच्याकडे दोनदा टाळ्या फसल्या, तिसऱ्यांदा सगळं सभागृह हसलं, आणि खरोखर संपलं तेव्हा टाळी वाजवायला कुणी धजेना. मग दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी सुरुवात केली.

या हसण्यात एक मोठं काम झालं होतं. पंधरा-वीस मिनिटांत श्रोत्यांचे कान शांतता ऐकायला तयार झाले होते. त्यानंतर शोस्ताकोविच आला. सुरांच्या दृष्टीनेही पायरी जवळची होती, कारण हायडन ई फ्लॅट मेजरमध्ये आणि शोस्ताकोविच सी मायनरमध्ये. दोघांचे फ्लॅट (कोमल) सूर तेच तीन, फक्त उजेड गेलेला. शेवटचा सूर विझल्यावर आम्ही बो (गज) तारांवरून उचलले नाहीत, आणि समोर कुणी हललं नाही. मग मध्यंतर. लोक बाहेर गेले, चहा घेतला, बोलले. परत आले तेव्हा ड्व्होर्जाकला मोकळी जागा मिळाली होती.

शेजार जुळवताना मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. आधीची रचना पुढच्यासाठी कानात काय ठेवून जाते? दोन्हींमध्ये एक तरी धागा सारखा आहे का: सूर, नाच, फ्यूग (एकच सुरावट एकेका वाद्याने मागोमाग घेणं), शांतता, काहीही? आणि दोन्हींमध्ये एक तरी गोष्ट उलटी आहे का? धागा नसेल तर रचना परक्या वाटतात. फरक नसेल तर दुसरी रचना झोप आणते.

या पायरीवर दोन सापळे आहेत. पहिला, नुसत्या नावाचा विषय. 'पाऊस' किंवा 'प्रवास' असं शीर्षक देऊन त्याखाली रचना कोंबल्या जातात, पण संगीतात पाऊस कुठेच नसतो. शीर्षक जाहिरातीला उपयोगी पडतं, संध्याकाळ त्याने बांधली जात नाही. दुसरा, सालांनुसार क्रम लावणं: आधी हायडन, मग बीथोवन, मग विसावं शतक. कधी जमून जातं, पण त्यामागे विचार नसेल तर शाळेतल्या इतिहासाच्या तासासारखं होतं. जुनी रचना नवीन रचनेनंतर ठेवून बघा. विसाव्या शतकातल्या बार्टोकनंतर ऐकलेला हायडन किती धारदार आहे हे तेव्हाच कळतं.

4. एक तक्ता बनवा

मोठा कागद घ्या. प्रत्येक रचनेच्या प्रत्येक भागासाठी एक ओळ. रकाने असे: 'की' (सी मायनर, ई फ्लॅट मेजर अशी सुरांची पट्टी), सुरुवातीची लय, शेवट मोठा की हळू, मिनिटं, आणि सगळ्यात जास्त कष्ट कुणाचे. कागद भिंतीला लावून लांबून बघा. सलग तीन भाग संथ आलेत, सगळे शेवट एकाच प्रकारचे धडाक्याचे आहेत, किंवा तासभर एकाच कीमध्ये फिरतो आहोत, हे वाचून लक्षात येत नाही, बघून येतं.

याच तक्त्यात उशिरा येणाऱ्यांना आत कधी घ्यायचं त्याची खूण करा. आपल्याकडे पहिली दहा मिनिटं दार वाजत राहतं, हे धरूनच चाला. हायडनलाही हा प्रश्न होता: लंडनच्या मोठ्या जाहीर मैफली डोळ्यांपुढे ठेवून 1793 मध्ये त्याने जे सहा क्वार्टेट लिहिले (ओपस 71 आणि 74), त्यांची सुरुवात बहुतेक ठिकाणी ठणठणीत कॉर्डनी (एकदम वाजणाऱ्या अनेक सुरांनी) किंवा छोट्या प्रस्तावनेने होते, म्हणजे गप्पा थांबाव्यात. सुरुवातीला अशी रचना असेल तर उत्तम. नसेल तर पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मध्ये दार उघडायचं, हे दारावरच्या माणसाला लिहून द्या.

5. मिनिटांचा हिशेब

रेकॉर्डिंगवरची वेळ धरू नका, आपल्या तालमीत घड्याळ लावा. हायडन-मोत्सार्टमध्ये रिपीट (पुन्हा वाजवायच्या खुणा केलेले तुकडे) घेणार की नाही यावर चार-पाच मिनिटांचा फरक पडतो, तेव्हा तो निर्णय आत्ताच घ्या. आमचा हिशेब असा होता:

- हायडन 18, शोस्ताकोविच 21, ड्व्होर्जाक 25: एकूण 64 मिनिटं संगीत
- येणं-जाणं आणि टाळ्या: प्रत्येक रचनेला 3, म्हणजे 9
- वाद्यं लावणं: 3
- प्रत्येक रचनेआधी दोन शब्द: 6
- मध्यंतर: 15

हे झाले 97. त्यात उशिरा सुरू होण्याची 10 मिनिटं मिळवा. आणि आता आपल्याकडची खास गोष्ट: दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, मनोगत, आभारप्रदर्शन. याला 20 मिनिटांखाली कुणी आणू शकलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणजे 127 मिनिटं. साडेसहाला सुरू केलं तर आठ सदतीस.

या गोष्टी टाळा असं मी म्हणत नाही. जागा देणाऱ्याचे, मदत करणाऱ्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण त्यांची जागा तुम्ही ठरवा, नाहीतर आयोजक ठरवतील. दीप आणि सत्कार वादक मंचावर येण्याआधी उरका, कारण लावलेलं वाद्य हातात धरून वीस मिनिटं दिव्यांखाली उभं राहिलं की तारा उतरतात. आभार मध्यंतरानंतर लगेच, शेवटच्या रचनेच्या आधी. पहिल्या वर्षी आमच्या एका अशाच छोट्या कार्यक्रमात शोस्ताकोविच शेवटी होता. सूर विझतो न विझतो तोच निवेदकाचा माइक खरखरला, "यानंतर मी विनंती करतो की..." व्हायोला अजून माझ्या हनुवटीखाली होतं. त्या क्षणासाठी आम्ही चार महिने तालीम केली होती.

मध्यंतराशिवाय कार्यक्रम असेल तर संगीत 50 ते 60 मिनिटं पुरे. आणि एकाच संध्याकाळी सगळं वाजवून टाकायची घाई करू नका. 1934 मध्ये मुंबईत आलेल्या संगीतकार वॉल्टर काउफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, मेहली मेहता त्यात व्हायोलिन वाजवत, आणि कार्यक्रम दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी होत. एवढं आपल्याला शक्य नाही, पण दर तीन महिन्यांनी ठरलेला दिवस ठेवला तरी श्रोता परत येतो, आणि मग राहिलेल्या रचनेला पुढची तारीख असते.

6. वादकांच्या हातांचा विचार

तक्त्यातला शेवटचा रकाना आता बघा. पहिल्या व्हायोलिनला दोन अवघड रचना सलग देऊ नका. 'अमेरिकन'ची सुरुवात व्हायोलाच्या सुरावटीने होते. मध्यंतरात पाहुण्यांशी बोलत उभी राहिले आणि थंड बोटांनी मंचावर गेले, तर ती सुरावट माझ्याच हातून मोडते. म्हणून मध्यंतराची शेवटची पाच मिनिटं मी आत वाजवत असते.

शोस्ताकोविचसारख्या न थांबणाऱ्या रचनेत मध्ये तार लावायला वेळ नाही. त्यात व्हायोला आणि चेलोच्या सी तारेवर सगळं उभं आहे. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, एसी चालू झाला की त्याच सैल पडून सुटतात. अशा रचनेआधी एक मिनिट जास्त घ्या आणि लोकांसमोर शांतपणे लावा. कुणी कंटाळत नाही. आपल्याकडे तंबोरे जुळताना ऐकायची सवय आहे.

7. बोलणं, पत्रिका आणि टाळ्या

प्रत्येक रचनेआधी दोन मिनिटं, वादकांपैकीच कुणीतरी, मराठीत. चरित्र सांगत बसू नका. कानाला पकडता येईल अशी एक जागा दाखवा आणि ती वाजवून दाखवा. शोस्ताकोविचचे चार सूर मी आधी चेलोवर दोनदा वाजवायला लावते. 'अमेरिकन'ची ती सुरुवातीची सुरावट पाचच सुरांत फिरते. पांढरी चार हा षड्ज धरला तर सा रे ग प ध. हे ऐकवल्याबरोबर श्रोत्यांतून "भूप!" असा आवाज येतो. त्यानंतर मी एवढंच सांगते की खाली बाकीची वाद्यं जे करतात ते भूपात नाही, तिकडेही कान ठेवा. ओळखीचं दार दाखवायचं, पण घर वेगळं आहे हेही सांगायचं.

पत्रिकेत रचनेचं नाव, साल, भागांची नावं आणि अंदाजे मिनिटं द्या. मिनिटं छापल्याने नवीन श्रोता निर्धास्त होतो. भाग किती आहेत आणि ते जोडलेले आहेत का, हे जरूर लिहा.

दोन भागांमध्ये टाळ्या पडल्या तर कपाळाला आठ्या घालू नका, "कृपया टाळ्या वाजवू नयेत" असं तर मुळीच छापू नका. 1778 मध्ये मोत्सार्टने पॅरिसहून वडिलांना कळवलं होतं की त्याच्या सिम्फनीच्या पहिल्या भागाच्या मध्येच लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याचा त्याला आनंद झाला होता. ख्यालात समेवर दाद देणारा श्रोता आपला आहे, त्याला दटावून आपण काय मिळवणार? शांतता हवी तिथे बो हवेत धरून ठेवा, लोकांना समजतं.

एन्कोअरसाठी (कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहाखातर वाजवायला) तीन-चार मिनिटांचं काहीतरी तयार ठेवा. सिनेमाच्या गाण्याची मांडणी घ्यायला माझी हरकत नाही; क्रोनोस क्वार्टेटने 2005 मध्ये आशा भोसले यांच्याबरोबर आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांचा अख्खा अल्बम केला. पण चारही वाद्यांना खरं काम असलेली मांडणी हवी. पहिलं व्हायोलिन चाल वाजवतं आहे आणि बाकी तिघे ठेका धरून बसलेत, अशी नको. आणि शेवटची रचना विझत संपणारी असेल तर एन्कोअर देऊच नका.

8. पार्ट्स आणि परवानगी

भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतात. म्हणून हायडन, ड्व्होर्जाक, राव्हेल, बार्टोक मोकळे आहेत, पण 1975 मध्ये गेलेल्या शोस्ताकोविचचे हक्क 2035 अखेरपर्यंत आहेत. त्याचे पार्ट्स (प्रत्येक वादकाच्या वेगळ्या छापील प्रती) विकत घ्यावे लागतात, आणि पार्ट्स घेतले म्हणजे जाहीर वादनाची परवानगी मिळाली असं होत नाही. त्यासाठी आयपीआरएसकडे (संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेकडे) चौकशी करा, तीही महिनाभर आधी. जुन्या रचनांचे पार्ट्स आयएमएसएलपी या संकेतस्थळावर मिळतात. मात्र चौघांनी एकाच आवृत्तीचे घ्या. आमच्या दोन पार्ट्समध्ये तालमीची अक्षरं (कुठून सुरू करायचं ते सांगायला छापलेल्या खुणा) वेगळी निघाली आणि "बी पासून" म्हटलं की दोघं एकीकडे, दोघं दुसरीकडे. तीन तालमी त्यातच गेल्या.

9. रंगीत तालीम क्रमानेच

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी सगळा कार्यक्रम एकदा न थांबता, त्याच क्रमाने, बोलण्यासकट आणि मध्यंतरासकट वाजवा. घरच्या तीन-चार माणसांना समोर बसवा आणि नंतर विचारा: "कुठे कंटाळा आला?" "कसं वाटलं?" असं विचारलं तर सगळे छान म्हणतात. उत्तर जिथे बोट ठेवेल तिथे क्रम बदलायला अजून वेळ असतो. आम्ही एकदा याच तालमीनंतर एक आख्खी रचना काढून टाकली, पत्रिका पुन्हा छापली, आणि ते योग्यच होतं.

सोबत काय काय हवं

- चौघांचे पार्ट्स, पान उलटण्याच्या जागा तपासलेले, आणि प्रत्येकाची एक जादा झेरॉक्स
- एक पूर्ण स्कोअर (चारही वाद्यांचं संगीत एकत्र छापलेली प्रत)
- सभागृहाच्या बुकिंगची पावती, वेळेसकट, आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनचा नंबर
- आयपीआरएसशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत, लागू असेल तर
- निवेदक आणि आयोजकांसाठी एका पानाचा क्रम: दीप कधी, आभार कधी, माइक कधी बंद
- दारावरच्या माणसासाठी चिठ्ठी: आत कधी सोडायचं
- हात नसलेल्या चार खुर्च्या (सभागृहात बहुतेक हाताच्याच असतात, चेलोवाल्याला बसता येत नाही)
- स्टँड, स्टँडचे दिवे, आणि पंख्याच्या वाऱ्यासाठी कपड्यांचे चिमटे
- तारांचा जादा संच, म्यूट, रोझिन, खुंट्यांसाठी खडू
- चेलोच्या टोकाखाली ठेवायला पट्टा किंवा रबरी तुकडा. गुळगुळीत मंचावर चेलो पहिल्याच फोर्टेला (जोरात वाजवायच्या जागेला) पुढे सरकतो

यातली खुर्च्यांची ओळ मी दरवेळी लाल पेनाने लिहिते, आणि सभागृहाला फोन करून पुन्हा विचारते.